फॉरमॅट मारायचंय? आधी हे वाचा

प्रश्न : कराडला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची हँडबिलं, गणेश मंडळांच्या स्मरणिका अशी कामं वडिलांपासून चालत आली आहेत. मशीनवर विंडोज ७, कोरल ड्रॉ, पेजमेकर आणि श्री-लिपी आहे. हल्ली मशीन फार रखडतं, मधूनच हँग होतं. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू, विंडोज ११ टाकू, संध्याकाळी मशीन घेऊन जा. कामं सगळी डी ड्राइव्हवर आहेत, तेव्हा सी पुसला तरी काही बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं. मशीन देऊ का?
— डीटीपी व्यावसायिक, कराड

उत्तर : मशीन द्या, पण आज नको. आणि आत्ता आहे ती हार्ड डिस्क पुसायला तर मुळीच देऊ नका.

सी आणि डी हे बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज टाकताना पडद्यावर जी यादी येते, तिच्यात सी, डी ही अक्षरं नसतातच. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’ अशा ओळी आणि पुढे जीबीतला आकार, एवढंच दिसतं. सगळ्या ओळी एकेक करून डिलीट करायच्या आणि मोकळ्या जागेवर विंडोज टाकायचं, ही पद्धत चुकीची नाही. स्वच्छ इन्स्टॉल तसंच करतात. पण त्यात डीसुद्धा जातो. दुकानात चार मशीन रांगेत असली की कुठल्या मशीनचा डी ठेवायचा होता, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात असेलच असं नाही.

तुमच्या बाबतीत मला त्याहून मोठी काळजी सी ड्राइव्हची आहे. तुमची खरी इस्टेट तिथे आहे : फॉन्ट. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये मराठी म्हणून साठवलेला नसतो. साठवलेली असतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिकं; त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. डी ड्राइव्हवर फाइल जशीच्या तशी आहे आणि वाचता मात्र येत नाही, अशी डिस्क घेऊन येणारे डीटीपीवाले आमच्या साताऱ्याच्या दुकानात अजून येतात. कोणता फॉन्ट, कोणत्या कंपनीचा, कोणत्या आवृत्तीचा, हे मग फाइलवरून हुडकत बसावं लागतं. श्री-लिपीतला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही, कारण प्रत्येकाची सांकेतिकं वेगळी.

म्हणून पहिलं काम : सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. श्री-लिपीचं मूळ फोल्डर आणि सीडी असेल तर तीही बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर चालवायला लागणारं यूएसबीचं लॉक असेल तर ते सांभाळा. परवाना त्या मशीनशीच जोडलेला असेल, तर डिस्क बदलण्याआधी कंपनीला फोन करून तो नव्या डिस्कवर कसा न्यायचा ते विचारा. त्यानंतर डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि माय डॉक्युमेंट्स. ही तिन्ही ठिकाणं सी ड्राइव्हवरच असतात. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले नवरानवरीचे फोटो, पतसंस्थेच्या सचिवाने मेल केलेला ताळेबंद, सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. ‘कामं सगळी डीवर’ असं आपण म्हणतो ती केवळ आपली समजूत असते.

आता मशीन रखडतं का, त्याकडे येऊ. विंडोजमध्ये वर्षानुवर्षांचा कचरा साठला असेल, हे एक कारण. पण ‘मधूनच हँग होतं’ हे वाचून मला डिस्कच आजारी असल्याचा संशय येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघा. ‘गुड’ऐवजी पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसलं किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्य सोडून दुसरा आकडा असला, तर डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीयेत. फॉरमॅट मारल्याने डिस्क बरी होत नाही. उलट विंडोज नव्याने लिहिताना तिच्यावर ताण येतो आणि होता तो डेटाही जातो. अशा डिस्कवरून सगळ्यात आधी कामाच्या फाइली काढायच्या, बाकी सगळं नंतर.

विंडोज ११ तुमच्या मशीनवर बसेल असं मला वाटत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना होणारी सुरक्षेची तपासणी) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज ७च्या काळातलं मशीन यात सहसा बसत नाही. या अटी चुकवून टाकून देणारे आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. आणि समजा बसलं, तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. तुमच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून प्रिंटर चालवून घेणारा प्रोग्रॅम, ३२ बिटचाच असेल तर प्रिंटर चालणार नाही, आणि १६ बिटचे जुने प्रोग्रॅम तर ६४ बिटच्या विंडोजवर सुरूच होत नाहीत. हे सगळं संध्याकाळी मशीन परत आल्यावर कळलं, तर दुसऱ्या दिवशीच्या पत्रिका कुठे छापणार?

माझा सल्ला असा. नवी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, घ्या. जुनी डिस्क धडधाकट असेल तर दुरुस्तीवाल्याला सांगा की तिचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नव्या एसएसडीवर कर. क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. फॉन्ट, कोरल, पेजमेकर, प्रिंटर, सगळं होतं तसं येतं आणि वेगातला फरक पहिल्यांदा मशीन चालू करतानाच जाणवतो. डिस्क आजारी निघाली तर विंडोज नव्या एसएसडीवर नव्याने टाकावं लागेल, पण जुनी डिस्क तेव्हाही पुसायची नाही. ती काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवायची. विंडोज ७चे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले. त्यामुळे हे मशीन इंटरनेटपासून तोडा, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि पेन ड्राइव्ह इकडे लावण्याआधी तिकडे तपासा.

पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वडिलांपासूनची कामं, असं तुम्ही लिहिलंय. यात्रा कमिटीची हँडबिलं, बंद पडलेल्या पतसंस्थांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका यांची छापील प्रत मंडळाकडे तरी उरली असेल का? गावात कोण अध्यक्ष होतं, वर्गणी किती जमली, देवळाचा जीर्णोद्धार कधी झाला, हे कित्येकदा फक्त डीटीपीवाल्याच्या डिस्कवर उरलेलं असतं. सवड काढून महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करा. करताना फॉन्ट एम्बेड करण्याची (फाइलमध्येच बसवण्याची) खूण चालू ठेवा, म्हणजे श्री-लिपी नसलेल्या मशीनवरही ती मराठीतच दिसेल. दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, एक दुकानात आणि एक घरी. एक जुनी स्मरणिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघा. तिथे ती वाचता आली, की बॅकअप झाला असं समजा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा जुना लॅपटॉप ओळखीतल्या एका मुलीला अभ्यासासाठी द्यायचा आहे. मुलाने त्यावर विंडोज पुन्हा टाकून दिलं आहे आणि आतलं सगळं गेलं असं तो म्हणतो. पण त्यात पेन्शनचे कागद, आधारची प्रत, बँकेची पासबुकं स्कॅन करून ठेवली होती. ती कुणी परत काढू शकेल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : बाई, तुमची शंका रास्त आहे. नुसतं विंडोज पुन्हा टाकलं किंवा क्विक फॉरमॅट केलं, तर हजेरीपट फाडला जातो. मुलं वर्गात बसलेलीच असतात. फाइलींच्या जागेची नोंद जाते, मजकूर मात्र त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच राहतो. रेकुव्हा, फोटोरेक अशी फुकट सॉफ्टवेअर तो शोधून काढतात. ती मुलगी असं काही करणार नाही, पण लॅपटॉप पुढे कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

लॅपटॉपमध्ये आत चकती फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर उपाय सोपा. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथे ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढच्या पानावर ‘चेंज सेटिंग्ज’ असतं. तिथे ‘क्लीन डेटा’ चालू करा. त्याने डिस्कच्या सगळ्या जागेवर नव्याने लिहिलं जातं. १ टीबीच्या डिस्कला काही तास लागतात, म्हणून चार्जर लावूनच सुरू करा आणि मध्ये बंद करू नका. पस्तीस वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. तो सल्ला १९९६ सालच्या एका शोधनिबंधातून आला, तेव्हाच्या डिस्कच्या रचनेवरून. आजच्या डिस्कला एकदा पूर्ण लिहून काढणं घरगुती कामासाठी पुरेसं आहे.

एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडी आपल्या मर्जीने जागा बदलत असते, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुनी एखादी प्रत आत राहू शकते. तिथे कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा बायोसमधली (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधली) ‘सिक्युअर इरेज’ची सोय वापरायची. हे मुलाला करायला सांगा.

हे सगळं करण्याआधी घरातले फोटो दुसरीकडे उतरवले होते ना, ते पेन ड्राइव्ह लावून स्वतः उघडून बघा. मुलाने उतरवले असतील, पण बघायचे तुम्ही. एखादं फोल्डर राहिलं असेल तर लॅपटॉपवर आणखी काहीही न लिहिता तो बंद ठेवा आणि जाणकाराकडून परत काढून घ्या. पुसायचं काम त्यानंतर. शेवटी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढून टाका.

लॅपटॉप फार जुना आणि रॅम ४ जीबी असेल, तर त्या मुलीसाठी लिनक्स मिंट टाकून देण्याचा विचार करा. पैसे लागत नाहीत, मराठी टाइप करता येतं, आणि २०२४ साली आलेल्या मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकतोय. डिस्क निवडण्याच्या पानावर यादीच रिकामी येते, ड्राइव्ह सापडत नाही म्हणतो. एसएसडी गेली का? आणि प्रॉडक्ट की विचारतोय, ती माझ्याकडे नाही.
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : एसएसडी बहुधा ठीक आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुझ्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घे, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर टाक आणि त्या पानावरच्या ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखव. वायफायचा ड्रायव्हरही आत्ताच घेऊन ठेव. राहिला तर मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपवर घेता येतं (यूएसबी टेदरिंग).

की विकत घेऊ नकोस. विंडोज ८पासून पुढे विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवड आणि मूळची आवृत्तीच टाक. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. तिच्याऐवजी ‘प्रो’ टाकलंस तर ती आपोआप चालू होणार नाही.

प्रश्न : दुकानाच्या मशीनवर टॅली आहे आणि जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरतो. फॉरमॅटआधी काय बघू?
— व्यापारी, बार्शी

उत्तर : टॅलीमधूनच परवाना ‘सरेंडर’ करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, नाहीतर नव्याने टाकल्यावर तो चालू करताना अडचण येते. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो. त्या फोल्डरात आकड्यांची नावं असलेली फोल्डरं असतील, ती सगळी घ्या आणि दुसऱ्या मशीनच्या टॅलीत उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळवा. सही टोकनमध्येच असते, ती फॉरमॅटने जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या साइटवर सही करण्यासाठीचं एमसाइनर हे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. हे काम रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आसपास काढू नका.