मन खचलेलं असताना उपासनेतून बळ कसं मिळतं?

नोकरी गेल्यापासून मन पार खचलंय, रविवारी सगळी मंडळी उभी राहून स्तुतिगीतं गाते तेव्हा आवाजच फुटत नाही, ओढूनताणून गायलं तर ढोंग केल्यासारखं वाटतं. मग उपासनेतून बळ मिळतं म्हणतात ते नेमकं कसं, असं तुम्ही विचारलंय.

आवाज फुटत नसेल तर गाऊ नका. पण जायचं सोडू नका.

ढोंगाचं आधी बोलते, कारण ती बोच मला ठाऊक आहे. देवासमोर हसऱ्या चेहऱ्यानंच उभं राहावं असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ही कोणाची खासगी रोजनिशी नव्हे, इस्राएल लोकांची उपासनेतली गीतं आहेत. 13वं स्तोत्र काढून बघा. देवा, मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, असं चारचारदा विचारलंय. 88वं तर त्याहून कठीण. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते कोणी गाळलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या जपलं. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाची जागा उपासनेत आधीपासून राखून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या रविवारच्या गीतांत ती फारशी दिसत नाही, ही उणीव आमची, मंडळ्यांची आहे. तुमची नव्हे.

मला सर्वात जास्त धीर देणारी गोष्ट वधस्तंभावरची आहे. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे येशूचे शब्द 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. आणि प्राण सोडताना पित्याच्या हाती आत्मा सोपवतो असं तो म्हणाला, तेही 31व्या स्तोत्रातलं. प्राणांतिक वेदनेत त्यानं नवी प्रार्थना रचली नाही. आपल्या लोकांच्या उपासनेतले शब्द त्याच्या ओठांवर आले. उपासनेतून बळ मिळतं ते मला असंच मिळालेलं आहे. मन चांगलं असताना, कधी अर्धवट लक्ष देऊन, कधी कंटाळत म्हटलेले शब्द वाईट दिवसांत हाताशी येतात.

माझा धाकटा भाऊ अचानक गेला. मी गायनमंडळात होते, ते सोडलं आणि बरेच महिने मागच्या बाकावर नुसती बसायचे. देवावर राग होता, आणि तो राग घेऊनच मी चर्चमध्ये जात होते. आम्ही नगरचे, आताच्या अहिल्यानगरचे. आमच्याकडे घरोघरच्या प्रार्थना सभांत अजून भजन होतं, पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ उचलतात. यात ज्याला काहीच सुचत नाही त्याचीही सोय आहे. स्वतःचं काही बोलायचं नाही, भावना दाखवायची नाही, समोरून आलेली ओळ फक्त पुन्हा म्हणायची. तीही जमली नाही तर शेजारचा म्हणतोच आहे. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण रात्री झोप न लागता पडलेली असताना डोक्यात तेच तेच विचार फिरायचे, तिथे हळूहळू भजनाची एखादी ओळ फिरू लागली. सकाळी उठून कामाला लागायला तेवढं पुरायचं.

हा भजनाचा ठेवा आम्हाला ज्यांनी दिला त्यांत रेव्ह. नारायण वामन टिळकांचं नाव मोठं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं आपल्या मातीतलं ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. 9 मे 1919 रोजी ते गेले तेव्हा येशूचं ओवीबद्ध चरित्र, 'ख्रिस्तायन', अपुरंच राहिलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं. शाळेची पायरी न चढलेली बाई, नवरा गेलेला, आणि ती प्रभूच्या चरित्राच्या ओव्या रचत राहिली. खचलेल्या माणसानं उपासना कशी करावी असं कोणी विचारलं की मला आधी लक्ष्मीबाई आठवतात.

आता 42वं स्तोत्र. लिहिणारा मंदिरापासून दूर, यार्देनेच्या आणि हर्मोनाच्या प्रदेशात आहे. लोकांच्या मेळ्याबरोबर गात गात देवाच्या घरी जायचो हे आठवून त्याला भडभडून येतं. मग तो स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. हेच कडवं त्या स्तोत्रात दोनदा येतं आणि पुढे 43व्या स्तोत्रात तिसऱ्यांदा. एकदा सांगून मन ऐकत नाही, म्हणून तो पुन्हा सांगतो. तुम्हीही हे रात्री मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात नको, स्वतःच्या कानांना ऐकू जाईल असं.

प्रभुभोजन चुकवू नका. खचलेली माणसं नेमकी तिथून मागे राहतात, मी लायक नाही म्हणून. येशू धरून दिला गेला त्याच रात्री त्यानं भाकर मोडून दिली, आणि ज्यांना दिली त्यांतले बहुतेक थोड्याच वेळात पळून गेले. तिथे आपल्याला फक्त हात पुढे करायचा असतो. तुम्ही वसईकडचे कॅथलिक असाल तर मिस्साबद्दलही मी हेच सांगेन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. विश्वास कमी म्हणून निराशा येते असं कोणी तुम्हाला सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. अशा बोलण्यानं खचलेली माणसं आणखी खचताना मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो. कर्मेल डोंगरावर एवढा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकडून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं. म्हणून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. गोळ्या घेणं आणि प्रार्थना करणं एकाच घरात सुखानं नांदतं, आमच्या घरात नांदलंय.

आणि या रविवारी एवढं करा. मोठ्या आवाजातल्या बँडची उपासना सहन होत नसेल तर सकाळची साधी उपासना किंवा आठवड्यातली छोटी प्रार्थना सभा निवडा. पाळकसाहेबांना आधी गाठून परिस्थिती सांगा आणि व्यासपीठावरून नाव घेऊ नका, असंही सांगा. स्त्री मंडळातल्या किंवा शेजारच्या बाकावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला म्हणा, माझ्याजवळ बसा, आज मला गाता येणार नाही. ते तुमच्यासाठी गातील. तुम्ही कुठल्या गावात राहता ते कळवलंत तर तिथे मराठी उपासना कुठे आणि किती वाजता असते हे विचारून मी इथेच लिहीन.