एम ५ घ्यावी की ५००ई?

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळचा पिंपरीचा, सध्या स्टुटगार्टला नोकरीला आहे. काकांकडे पुण्यात असेम्बल झालेली मर्सिडीज ई २२० होती, तेव्हापासून डब्ल्यू १२४चं (मर्सिडीजच्या त्या पिढीचं) खूळ डोक्यात आहे. आता त्याच पिढीतली १९९२ची ५००ई आणि १९९०ची बीएमडब्ल्यू एम ५ (ई ३४) दोन्ही बघून आलोय. आकडे तर सारखेच वाटतात. पळायला आणि वळणावर कुठली भारी?

उत्तर: आकडे सारखे वाटतात तिथेच गंमत आहे. ५००ईला ५ लिटरचा व्ही ८ (आठ सिलिंडरचा), ३२६ पीएस (म्हणजे जर्मन हॉर्सपॉवर). एम ५ला ३.५ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ३१५ पीएस. शून्य ते शंभर दोघी सहा सेकंदांच्या जरा वर आणि टॉप स्पीड दोघींचा २५०ला बांधलेला. पण टॉर्क (इंजिनची ओढ) बघा ना, मर्सिडीजचा ४८० न्यूटन मीटर आणि तो ३९०० आरपीएमलाच, एम ५चा ३६० आणि त्यासाठी ४७५०पर्यंत जायचं, पूर्ण पॉवर तर ६९००ला, म्हणजे मर्सिडीजमध्ये नुसता पाय दाबला की झालं, एम ५मध्ये गिअर पाडा, इंजिन ओरडू द्या, मग ती जागी होते. त्यात मर्सिडीज चार गिअरची ऑटोमॅटिक, एम ५ पाच गिअरची मॅन्युअल.

वळणांचं म्हणाल तर माझं मत सरळ एम ५ला. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे (मागचं एकच चाक नुसतं फिरत बसत नाही), सहाही सिलिंडरला वेगळे थ्रॉटल (हवा आत सोडणाऱ्या झडपा) आहेत, त्यामुळे पाय जरासा हलवला तरी गाडीला कळतं. ५००ई वाईट वळते असं अजिबात नाही हं, पुढे एवढं जड इंजिन म्हणून बॅटरी डिकीत नेली, मागचं सस्पेन्शन आपोआप लेव्हल धरतं, पण मागची चाकं सुटायला लागली की ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) मध्ये पडतं आणि सगळी मजा घालवतं. ही गाडी ऑटोबानची. तासन् तास २००नं जा, शेजारचा झोपलेलाच.

तुम्ही स्टुटगार्टलाच आहात म्हणून सांगतो, ५००ईचं बरंचसं काम तुमच्याच शहरात, त्सुफेनहाउझनला पोर्शेकडे झालंय. रुंद केलेले फेंडर मर्सिडीजच्या नेहमीच्या लाइनवर बसेनात, म्हणून बॉडी मर्सिडीजच्या जिंडेलफिंगनच्या कारखान्यातून पोर्शेकडे, रंगायला परत, जोडायला पुन्हा पोर्शेकडे, एकेका गाडीला अठरा दिवस लागायचे!

बघायला जाल तेव्हा ५००ईच्या इंजिनचं वायरिंग नक्की तपासा, त्या काळातल्या वायरींचं इन्सुलेशन उष्णतेनं कडक होऊन बोटात भुगा होतं. एम ५चं व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून अ‍ॅडजस्ट करावं लागतं, शेवटचं कधी केलं ते विचारा, मालक गोंधळला तर भाव पाडा. आणि हो, ५००ईला मागे दोघांचीच जागा असते, काका आले तर पाच जण बसणार नाहीत.