पॉइंट केवढ्याला पडला, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना मुंबईहून अमेरिकेत आणायचं आहे. मिस्टरांच्या ऑफिसातले एकजण ऑफिस सप्लायच्या दुकानातून दर आठवड्याला पाचशे-पाचशे डॉलरची गिफ्ट कार्डं क्रेडिट कार्डाने घेतात, त्यावर बँकेचे भरपूर बक्षीस पॉइंट मिळवतात आणि तिकिटं "फुकट" काढतात. तुमचा कार्डावर होऊ शकणारा घरखर्च महिन्याला अडीच हजार डॉलर आहे, व्हिसा एच-वन-बी (नोकरीचा) आणि एच-फोर (त्याच्या जोडीदाराचा). तर आपणही हे करावं का?

मी २०१३ पासून यात आहे. सासूबाईंना तीनदा आणि माझ्या आईला दोनदा पॉइंटवर आणलं. त्यामुळे हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण "फुकट" हा शब्द आधी बाजूला ठेवा. प्रत्येक पॉइंट आपल्याला काही ना काही किमतीला पडलेला असतो. तो आकडा ज्याला माहीत नाही, त्याला आपण कमावतोय की गमावतोय हेही कळत नाही.

आधी त्या सद्गृहस्थांचाच हिशोब करू. पाचशे डॉलरचं व्हिसा गिफ्ट कार्ड घेतलं की वर ॲक्टिव्हेशन फी लागते. ती ६.९५ डॉलर धरा, म्हणजे बिल ५०६.९५ चं. त्यांच्याकडे बहुतेक चेस बँकेचं इंक बिझनेस कॅश हे क्रेडिट कार्ड असावं. ऑफिस सप्लायची दुकानं, इंटरनेट आणि फोन मिळून वर्षाला पहिल्या २५,००० डॉलरवर ते पाचपट, म्हणजे डॉलरला पाच पॉइंट देतं. म्हणजे २,५३४ पॉइंट आले आणि एक पॉइंट जेमतेम पाव सेंटाच्या आसपास पडला. हे खरंच स्वस्त आहे. आता तेच गिफ्ट कार्ड डॉलरला एकच पॉइंट देणाऱ्या साध्या कार्डावर घ्या: ५०७ पॉइंट, आणि पॉइंट पडला १.३७ सेंटला. गिफ्ट कार्ड तेच, दुकान तेच, पण दुसरा व्यवहार बहुतेक वेळा तोट्यातच जातो. दुकानात अधूनमधून आठवडाभर फी माफ असते, तेव्हा अनुभवी लोक तिथे दिसतात ते याच कारणाने.

पण इथे तुमच्यापुरता एक मोठा अडसर आहे. इंक हे व्यवसायाचं कार्ड आहे, अर्ज करताना व्यवसाय सांगावा लागतो. एच-वन-बीवर माणूस ज्या कंपनीने अर्ज केला तिच्यासाठीच काम करू शकतो, आणि ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर एच-फोरवर कामच करता येत नाही. "सगळेच टाकतात हो" असं सांगणारे भेटतील. नसलेला व्यवसाय बँकेच्या अर्जात लिहू नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं असताना दोन विमान तिकिटांसाठी कागदावर खोटं ठेवण्याइतकी ती तिकिटं महाग नाहीत.

आणि समजा ते कार्ड मिळालं, तरी खरी अडचण खरेदीत नाहीच. ती पुढे सुरू होते. महिन्याला दोन हजार डॉलरची गिफ्ट कार्डं हातात आली, तर त्यांचं करायचं काय? घरखर्चात जिरली तर ठीक. त्याच्या पलीकडे गेलात की ती परत पैशांत बदलावी लागतात. लोक गिफ्ट कार्डाला पिन लावून ते डेबिटसारखं चालवतात, त्यावर मनीऑर्डर (पैसे आधी भरून घेतलेला, चेकसारखा कागद) घेतात, मनीऑर्डर आपल्याच बँकेत भरतात आणि त्यातून क्रेडिट कार्डाचं बिल चुकतं करतात. पैसा गोल फिरून घरी येतो, पॉइंट मागे राहतात.

या चक्राचा सगळ्यात सोपा काळ सरकारी टांकसाळीनेच आणून दिला होता. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून यूएस मिंटने २००८ पासून ती दर्शनी किमतीत, घरपोच, पोस्टेजशिवाय विकायला काढली, आणि क्रेडिट कार्डही चालायचं. लोक २५० नाण्यांचे खोके मागवून थेट बँकेत नेऊन भरू लागले. जुलै २०११ मध्ये मिंटने या नाण्यांसाठी कार्ड घेणं बंद केलं. मी यात आल्यापासून हेच पाहते आहे, रस्ता जितका सोपा तितका तो लवकर बंद होतो. कारण साधं आहे. पॉइंटचा पैसा येतो दुकानदाराकडून कापलेल्या स्वाइप फीतून, आणि ती साधारण दोन टक्क्यांच्या घरात असते. पाचशेच्या गिफ्ट कार्डावर दुकानाचे दहा डॉलर त्यातच जातात, मग सात डॉलरच्या फीत त्याला काय उरणार? म्हणून काही दुकानं ही कार्डं फक्त रोख किंवा डेबिटवर देतात. या साखळीत कुणाचं तरी नुकसान होत असतं, आणि तो एक दिवस दार लावतो.

माझ्या बाबतीत दार बँकेने लावलं. २०१५ साली मी चार महिने मनीऑर्डर भरत होते. पैसा सगळा आमचा, पावत्या जपून ठेवलेल्या. एक दिवस पत्र आलं की तीस दिवसांत खातं बंद होईल, कारण सांगितलं जाणार नाही. त्याच खात्यातून घरभाडं, गाडीचा हप्ता आणि मुलीच्या डे-केअरचे पैसे जायचे. ते सगळं हलवताना झालेला मनस्ताप मी कुठल्याच पॉइंटमध्ये मोजू शकले नाही. बँकेचं वागणं मला तेव्हा अन्यायाचं वाटलं, पण तिच्या बाजूने पाहिलं तर दर आठवड्याला मनीऑर्डरींची चवड भरणारं गिऱ्हाईक काळा पैसा फिरवणाऱ्यासारखंच दिसतं. पोस्टात एका दिवसात ३,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या मनीऑर्डर घेतल्या की फॉर्म भरावा लागतो, आणि बँक दहा हजारांवरच्या रोख व्यवहाराची माहिती सरकारला देते. फॉर्म भरायला घाबरू नका. मात्र तो टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यांत विभागणं हाच गुन्हा आहे, पैसा कितीही घामाचा असला तरी.

कराचंही सांगून टाकते. खर्चावर मिळालेले पॉइंट साधारणपणे उत्पन्न धरत नाहीत, ती किमतीतली सूट मानली जाते. पण २०२१ मध्ये टॅक्स कोर्टात एका दांपत्याचा खटला निकाली निघाला. त्यांनी गिफ्ट कार्डांच्या जोरावर दोन वर्षांत तीन लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळवलं होतं. कोर्टाने गिफ्ट कार्डांवरचं बक्षीस करमुक्त ठरवलं, पण क्रेडिट कार्डाने थेट घेतलेल्या मनीऑर्डरी आणि प्रीपेड कार्डात भरलेले पैसे यांच्यावरचं बक्षीस उत्पन्न धरलं. तुमच्या प्रमाणात हा प्रश्न येणार नाही, पण त्या मार्गाने न जायला हे आणखी एक कारण.

म्हणून माझं उत्तर: मनीऑर्डरचं चक्र करू नका. तुम्हाला त्याची गरजही नाही. अडीच हजार महिन्याचा खर्च म्हणजे तीन महिन्यांत साडेसात हजार. एखादं प्रवासाचं कार्ड पहिल्या तीन महिन्यांत ५,००० डॉलर खर्चल्यावर समजा ६०,००० पॉइंट बोनस देत असेल, तर तो तुमच्या किराण्यातून, गाडीच्या इन्शुरन्समधून आणि गॅसमधून सहज सुटतो. हे पहिलं कार्ड मिस्टरांच्या नावावर, मग थोड्या अंतराने तुमच्या नावावर दुसरं. नवरा-बायकोला बोनस वेगवेगळा मिळतो. ६०,००० पॉइंट गिफ्ट कार्डांतून उभे करायचे तर ते सद्गृहस्थ चोवीस कार्डं घेतील. तुम्हाला ते वार्षिक फी सोडल्यास वेगळा पैसा न घालता मिळतात. खर्च थोडा कमी पडलाच तर इस्टिमेटेड टॅक्स (सरकारला आगाऊ भरायचा आयकर) कार्डाने भरता येतो, फी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. हजार डॉलर कमी पडले तर साडेसतरा डॉलरमध्ये साठ हजार पॉइंट वाचले. गिफ्ट कार्डांनी बोनसचा आकडा गाठू नका, अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींत तर प्रीपेड कार्डं आणि रोखीसारखे व्यवहार स्पष्ट वगळले आहेत, आणि दिलेले पॉइंट परतही घेतले जातात. चेसचं कार्ड हवं असेल तर ते आधी घ्या. चोवीस महिन्यांत पाच नवी कार्डं झालेल्याला चेस सहसा नाकारतं.

मग गिफ्ट कार्ड घ्यावंच का? घ्यावं, पण दुकानाचं, जिथे तुम्ही पुढच्या पंधरा दिवसांत नक्की खर्च करणार आहात तिथलं. ग्रोसरीवर चारपट देणारं कार्ड असेल तर ग्रोसरीच्या दुकानातच हार्डवेअरच्या किंवा कपड्यांच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड मिळतं. त्या पाचशेवर २,००० पॉइंट येतात. इथे फी नसते, तरीही पॉइंट फुकट नसतो: तोच खर्च दोन टक्के कॅशबॅकच्या कार्डावर केला असता तर दहा डॉलर मिळाले असते. ते तुम्ही सोडले, म्हणजे पॉइंट अर्ध्या सेंटला पडला. चांगला भाव आहे. पण ॲमेझॉनचं गिफ्ट कार्ड तसंच घेतलंत आणि तुमच्याकडे प्राइमचं पाच टक्क्यांचं कार्ड आहे, तर पंचवीस डॉलर सोडून दोन हजार पॉइंट घेतलेत. सव्वा सेंटाला एक! हा सोडलेला पैसा कुठल्याच स्टेटमेंटवर दिसत नाही, म्हणून मी वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवते.

साठवून मात्र ठेवू नका. आमच्या कपाटात चार महिने पडलेल्या दोन व्हिसा गिफ्ट कार्डांपैकी एकात शून्य डॉलर निघाले. चोर दुकानातच पाकीट उघडून नंबर टिपतात, पुन्हा चिकटवतात आणि कार्ड चालू झालं की पैसे ओढतात. पैसे परत मिळायला मला नऊ आठवडे लागले, तेही पावती आणि पाकिटाचा फोटो जवळ होता म्हणून. दुकान बुडालं तरी तीच गत. बेड बाथ अँड बियाँडने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ८ मेनंतर गिफ्ट कार्डं घेणं थांबवलं. शिवाय फ्रिज-टीव्हीसारखी मोठी वस्तू गिफ्ट कार्डाने घेऊ नका, क्रेडिट कार्डाची वाढीव वॉरंटी आणि तक्रार करून पैसे अडवण्याची सोय दोन्ही जातात.

बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं हे तुम्हाला सांगायला नको, पण आकडा सांगते: वीसहून जास्त टक्क्यांच्या व्याजाने हजार डॉलर एक महिना राहिले तर सतरा-अठरा डॉलर जातात. तेवढ्यात सगळी मेहनत पाण्यात.

आता तिकिटाकडून उलटं या, कारण तुमचं खरं काम तिथे आहे. पॉइंट आधी गोळा करून मग तिकीट शोधणाऱ्यांना मे महिन्यात दोन सीट एकत्र मिळत नाहीत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिच्या सीट त्याच गटातल्या एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन पॉइंटवर काढता येतात, आणि चेस व अमेरिकन एक्सप्रेस दोघांचेही पॉइंट एअरोप्लॅनला जातात. तिकीट आई-बाबांच्या नावाने तुमच्याच खात्यातून निघतं. ब्रिटिश एअरवेजवर लंडनमार्गे पॉइंट कमी दिसले तर हुरळू नका, वरचा सरचार्ज पाहा. हिशोब असा: रोखीचं तिकीट समजा १,३०० डॉलर, पॉइंटवर ७०,००० आणि १२० डॉलर कर. मग १,१८० डॉलर वाचले, पॉइंटला १.७ सेंट आले. अर्ध्या सेंटला पडलेला पॉइंट इथे द्यायला हरकत नाही. तेच तिकीट सेलमध्ये ८०० ला असेल तर रोखीने घ्या, पॉइंट राहू द्या. सीट स्क्रीनवर दिसेपर्यंत पॉइंट एअरलाइनकडे पाठवू नका, पाठवलेले परत येत नाहीत.

आई-बाबांचं वय, एका ठिकाणी बदल चालेल का, व्हीलचेअर लागेल का आणि तुमच्या जवळचा मोठा विमानतळ कुठला, एवढं लिहा. पुढच्या मेच्या सीट उघडायला लागल्या की मी एखाद्या शनिवारी बसून तुमच्यासाठी तारखा पाहते.