25 मीटर पिस्तूलमध्ये रॅपिडला गुण घसरतात. हात संथ आहे की नेम कच्चा, हे कसं तपासायचं?

प्रिसिजनला (सावकाश नेम धरून मारायच्या 30 गोळ्या) गुण बरे पडतात आणि रॅपिडला (दिव्याच्या इशाऱ्यावर झटपट मारायच्या 30 गोळ्या) घसरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः हा प्रकार खेळले आहे, आता मुलींना शिकवते. माझं मत ठाम आहे: वेग आणि नेम वेगवेगळे तपासले तर हाती काही लागत नाही.

सुरुवात कागदावर करा. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 5 सेंटिमीटरचं असतं आणि नऊचं 10 सेंटिमीटरचं. रॅपिडच्या टार्गेटवर दहाचंच वर्तुळ 10 सेंटिमीटरचं आहे. म्हणजे प्रिसिजनला नऊच्या आत बसलेली प्रत्येक गोळी रॅपिडला दहा झाली असती. तुमची प्रिसिजनची 30 गोळ्यांची शीट घ्या, त्यातले सगळे नऊ दहा धरा आणि ती बेरीज त्याच दिवसाच्या रॅपिडशी ताडून बघा. जो फरक निघेल, तो घड्याळाने खाल्लेला. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरने प्रिसिजनला 294 आणि रॅपिडला 296 मारले होते. एवढ्या मोठ्या दहामध्येसुद्धा तिचे 4 गुण गेले, तेव्हा तुमचे गेले तर घाबरून जाऊ नका. प्रिसिजनलाच आठ-सात पडत असतील, तर मात्र आधी नेमावर काम करा, रॅपिड नंतर.

आता घड्याळ नेमकं कुठे खातं ते बघू. रॅपिडला 7 सेकंद लाल दिवा, 3 सेकंद हिरवा, आणि त्या 3 सेकंदांत 45 अंशांखालून हात उचलून एकच गोळी. मैत्रिणीला मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, दिवा आणि आवाज दोन्ही आले पाहिजेत. हिरवा लागल्यापासून आवाजापर्यंतचा वेळ प्रत्येक गोळीपुढे लिहा आणि त्याच्याशेजारी गोळी कुठे लागली ते.

या दोन रकान्यांत सगळं दिसतं. गोळी लवकर सुटली आणि खाली लागली, तर हात वर पोहोचायच्या आधीच ट्रिगर सुटलाय. उशिरा सुटली आणि खाली लागली, तर लाल दिव्याच्या धास्तीने ट्रिगर हिसकला गेलाय. उजव्या हाताने मारणाऱ्यांची अशी गोळी बहुधा डावीकडे-खाली जाते. कागदावर दोन्ही भोकं सारखीच दिसतात, पण औषध उलट आहे. जिची गोळी लवकर सुटते तिने हात लवकर वर आणायचा आणि थांबवायचा. जिची उशिरा सुटते तिने हात वर येतानाच ट्रिगरवर वजन घ्यायला सुरुवात करायची. आपल्या प्रकारात ट्रिगर कमीत कमी 1 किलोचा असतो. साईट स्थिरावल्यावर तो शून्यापासून दाबायला घेतला की वेळ पुरतच नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आयपीएससीसारख्या (वेगावर चालणारी प्रॅक्टिकल नेमबाजी) प्रकारात गुण भागिले सेकंद असा हिशेब असतो, तिथे वेगाचे पैसे मिळतात. इथे 1.9 ला मारलेला दहा आणि 2.8 ला मारलेला दहा सारखाच. म्हणून माझ्या मुलींकडून मी वेग मागत नाही, सिरीजच्या पाचही गोळ्या साधारण एकाच वेळेला सुटल्या पाहिजेत एवढंच मागते. एक 1.8 ला आणि पुढची 2.9 ला, अशी सिरीज 49 ची असली तरी मला पटत नाही.

फायनलची तयारी करत असाल तर याच सिरीज हिट-मिस धरून मोजा: दशांशात मोजून 10.2 किंवा वर, म्हणजे दहाच्या वर्तुळात जरा आतच, असेल तर एक, नाहीतर शून्य. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे 34-34 हिट झाले होते, सुवर्ण शूट-ऑफवर, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा गोळ्यांवर ठरलं. साधा दहा मोजायची सवय लागली असेल तर हा हिशेब पहिल्यांदा फार बोचतो.

चाचणी थंड हातानेच घ्या, म्हणजे सामन्यासारखी सरावाची एकच सिरीज आणि लगेच मोजणी. आणि रोज घेऊ नका. दोन चाचण्यांमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या, मधले दिवस रिकाम्या पिस्तुलाने, दिव्याच्या तालावर, भिंतीसमोर हात उचलण्यात घालवा.