फेब्रुवारीअखेर शेत रिकामं होईल, दाण्यासाठी मका पेरू का? मक्याला नेमकं हवामान कसं लागतं?

तुम्ही जळगावकडचे, हरभरा फेब्रुवारीच्या शेवटी निघणार आणि विहिरीला पाणी आहे, असं लिहिलंय. तेवढ्यावरून सांगतो : दाण्यासाठी नको.

मक्याला उगवायला जमिनीत १० अंशांच्या वर ऊब लागते, वाढीला २५ ते ३० अंश आणि स्वच्छ ऊन. एवढं आपल्याकडे वर्षातले बरेच महिने मिळतं, म्हणून तर तो तिन्ही हंगामांत येतो. पण ही सरासरी बघून पेरणी ठरवू नका. तुरा (झाडाच्या शेंड्यावरचा नर फुलोरा) बाहेर पडल्यापासून कणसाचे केस सुकेपर्यंतचे दोनेक आठवडे कुठल्या महिन्यात येतात ते आधी बघा आणि तिथून मागे मोजत या. आम्ही सिल्लोडकडचे लोक मक्यावरच जगतो, पेरणीचा हिशेब मी असाच लावतो.

कारण कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. त्यावर तुऱ्यातला पराग पडला तरच तो दाणा धरतो. पराग झडतो मुख्यतः सकाळी, आणि टिकतो काही तासच. पारा ३५च्या पुढे आणि हवा कोरडी, की पराग मरायला लागतो, केस वाळतात. त्यात पाण्याचा ताण बसला तर केस बाहेर यायलाच उशीर होतो, तोवर तुरा झडून गेलेला असतो. झाड हिरवंगार दिसतं आणि कणीस सोललं तर दाण्यांच्या जागा रिकाम्या. शिव्या मात्र बियाणाच्या कंपनीला पडतात.

तुमच्या पेरणीचा तुरा येणार एप्रिलच्या शेवटी. जळगावात तेव्हा ४२ अंश म्हणजे नेहमीचंच. विहिरीच्या पाण्यानं झाड तगेल, पराग तगणार नाही. उन्हाळी दाण्याचा मका करायचाच असेल तर पेरणी जानेवारीत उरकायला हवी. थंडीमुळे उगवण रेंगाळते, पण तुरा मार्चमध्ये निघून जातो.

खरिपात पेरणी १५ जून ते १५ जुलै. तिथे दोन धोके. पहिला, सुरुवातीचे तीन आठवडे : या काळात झाडाचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो, त्यामुळे काळ्या रानात दोन-तीन दिवस पाणी साचलं की पीक पिवळं पडून बसतं. सरी-वरंब्यावर लावलेलं वाचतं. दुसरा, ऑगस्टमधली उघडीप, नेमकी तुऱ्यावर. २०२३चा ऑगस्ट आठवा, १९०१पासून देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. तेव्हा एखादं पाणी देता आलं तेवढ्यांचीच कणसं भरली. हंगामात ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पुरतो म्हणतात ते खरं, पण तो विभागून पडला तर.

रब्बीचा मका १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. पाण्याची सोय असेल तर मला हाच हंगाम सर्वांत भरवशाचा वाटतो. डिसेंबरच्या थंडीत पानं जांभळी झाली तर घाबरून फवारण्या करू नका. गार जमिनीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, ऊब आली की बहुतेक वेळा रंग परततो.

आता तुमच्या रिकाम्या शेताचं. जनावरं असतील तर आफ्रिकन टॉल ही चाऱ्याच्या मक्याची जात पेरा. दाणा भरायचाच नसल्यामुळे एप्रिलच्या उन्हाचा तो धोका राहत नाही, फक्त पाणी वेळेवर द्या आणि तुरा दिसायला लागला की कापणी सुरू करा. लष्करी अळीसाठी पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) मात्र उगवणीपासूनच तपासत राहा, ती उन्हाळ्यातही सोडत नाही.