भूत १३३ मध्ये नाही, ८२३ मध्ये

प्रश्न : घणसोलीहून रोज नेरूळला विद्यापीठात जाते. ग्रंथालयाच्या संगणकावर ‘भूत’ टाकलं की गूढविद्येची पुस्तकं येतात, कादंबऱ्या येतच नाहीत. ‘ड्रॅक्युला’ लोकलमध्ये ऐकायला घेतली, तर भीती राहिली बाजूला, नुसता गोंधळ झाला. कुठे चुकतंय? – एक वाचक, घणसोली

उत्तर : ड्यूई वर्गीकरणात (ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीत) भूतपिशाच्च हा विषय म्हणून १३३.१ ला जातो. गोष्टी मात्र भाषेप्रमाणे लागतात : इंग्रजी ८२३, अमेरिकी ८१३, मराठी ८९१.४६३. भयकथांचं वेगळं कपाट सहसा नसतंच, म्हणून लेखकाच्या नावाने शोधा. नारायण धारप, रत्नाकर मतकरी या मराठी भयकथाकारांची नावं रोमन लिपीतही टाकून बघा. सुटी कथा तिच्या नावाने सापडेलच असं नाही. ‘द मंकीज पॉ’ ही इंग्रजी भयकथा हवी असेल तर तिचा लेखक जेकब्सचा १९०२ चा ‘द लेडी ऑफ द बार्ज’ हा संग्रह मागा.

आता ‘ड्रॅक्युला’. १८९७ ची ही कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जोडून रचलेली आहे. एकाच आवाजात ती ऐकताना आत्ता कोण बोलतंय तेच निसटतं. पहिली चार प्रकरणं एकट्या जोनाथन हार्करची रोजनिशी आहेत. ती लोकलमध्ये खुशाल ऐका. पाचव्यापासून पत्रं सुरू होतात. तिथून पुढे ग्रंथालयात, छापील प्रत समोर उघडून ऐका, कारण कोणाची नोंद आहे ते मथळ्यात दिलेलं असतं. पात्रागणिक वेगळा आवाज असलेलं वाचन मिळालं तर फारच उत्तम.

अ‍ॅपमधली ‘शांतता वगळा’ ही सोय आधी बंद करा आणि वेग १ वर ठेवा. दार उघडण्याआधीचा विराम कापला, तर मग उरलं काय? फाइली ग्रंथालयाच्या वायफायवर उतरवून घ्या : ध्वनीचा दर्जा ६४ केबीपीएस असेल तर तासाला साधारण २९ एमबी लागतात. प्रकरणं २७ आहेत. नावात ०१, ०२ असे आकडे नसतील तर काही फोन १ नंतर थेट १० वाजवतात. गाडीसाठी खरं तर ‘मंकीज पॉ’च बरी, अर्ध्या तासात संपते.

प्रश्न : धारपांच्या कथांचं वाचन रेकॉर्ड करून मोफत टाकलं तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : परवानगीशिवाय नाही. आपल्याकडे लेखनाचा हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. धारप २००८ साली गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ मध्ये गेला, त्यामुळे मूळ इंग्रजी ‘ड्रॅक्युला’ मोकळी आहे. पण तिच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात.