मोठ्या शहराच्या जगण्यावर इलेक्ट्रॉनिक हिप-हॉपचा अल्बम करताना शहराचा आवाज त्यात कसा आणावा?

आपण धुळ्यात वाढलात, आता नोकरीनिमित्त मुंबईला असता आणि त्या शहरावर इलेक्ट्रॉनिक हिप-हॉपचा अल्बम करू पाहता. गर्दीचे, हॉर्नचे, लोकलचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यात घालावेत का, आणि बाहेरून आलेल्या माणसाला शहराबद्दल बोलण्याचा अधिकार आहे का, असे आपण विचारले आहे. मी चाळीसगावचा. सहा वर्षे डोंबिवलीत राहिलो आणि याच विषयावरचा आठ गाण्यांचा अल्बम नुकताच पूर्ण केला आहे.

अधिकाराचे आधी सांगतो. हिप-हॉपचा आरंभ ज्या कार्यक्रमापासून मानतात तो ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका रहिवासी इमारतीच्या सामाईक खोलीत झाला. तिथे रेकॉर्ड वाजवणारा डीजे कूल हर्क हा जमैकातल्या किंग्स्टनहून १९६७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी ब्राँक्सला आलेला होता, आणि मोठाले स्पीकर मांडून लोकांना नाचवण्याची रीत जमैकाची होती. म्हणजे या संगीताचा पायाच मुळी आपल्या मुलखाचे कान घेऊन परक्या शहरात आलेल्या माणसाने घातला. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीमागे चालत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी याबाबतीत संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र मी आधी चुकलो. पहिल्या गाण्याखाली मी दादरच्या पुलावरचा कोलाहल सलग ठेवला होता, आणि शब्द ऐकूच येईनात. गर्दीच्या आवाजात सगळ्याच पट्ट्यांतले ध्वनी असतात, त्यामुळे ज्या पट्टीत आपली व्यंजने स्पष्ट होतात तीही तो व्यापून टाकतो. शिवाय असा कोलाहल शहर दाखवतो, पण त्यात राहणाऱ्या माणसाला काय वाटते ते सांगत नाही. शेवटी तो काढून टाकला आणि त्यातला एकच बारीक आवाज ठेवला : डब्यात वर टांगलेल्या कड्या गाडी सुटताना एकमेकींवर आपटतात तो. त्याचे अगदी छोटे तुकडे कापून मी हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या किणकिणत्या झांजेच्या, जागी बसवले. गाण्याची गती मिनिटाला ९० ठोक्यांची आहे, म्हणजे एक ठोका सुमारे दोन तृतीयांश सेकंदाचा. त्याचे चार भाग करून दर दुसरा भाग मी किंचित उशिरा ठेवला, कारण त्या कड्या कधीच समान अंतराने वाजत नाहीत. त्या उशिरामुळेच गाणे चालू गाडीसारखे डुलू लागले.

शहर आवाजापेक्षा रचनेत अधिक येते, हे मला लोकलमधल्या चौथ्या सीटने शिकवले. तिघांच्या बाकावर चौथा आला की बाकीचे न बोलता थोडे सरकतात आणि तो कसाबसा टेकतो. आपल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये साइडचेन नावाची सोय असते; तिच्यामुळे किक, म्हणजे खालचा जाड ठोका, वाजताच बाकीचे सूर क्षणभर दबतात आणि लगेच परत वर येतात. ही सोय मी पूर्वी केवळ नाचाच्या गाण्यांसाठी वापरत असे. या अल्बममध्ये ती मी चौथ्या सीटसारखी वापरली, इतकी हळू की कोणीतरी सरकून जागा देत आहे असे वाटावे.

सामानासाठी थांबू नका. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रमचे ठोके वाजवणारे यंत्र १९८० मध्ये आले आणि १९८३ मध्ये बंद झाले. त्याचे ठोके खऱ्या ढोलासारखे नाहीत अशी तक्रार होती, म्हणून ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि हिप-हॉपवाल्यांच्या हाती पडले. आज ते ठोके लॅपटॉपवर सहज मिळतात. मात्र त्याची खोल किक मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ नाहीशी होते. तिला थोडे सॅच्युरेशन द्यावे, म्हणजे आवाज किंचित फाटल्यासारखा करावा; त्याने वरच्या पट्टीत तिची चाहूल राहते. माझी गाणी मी आधी मोबाइलवर आणि मग चाळीसगावच्या एका डीजेवाल्याच्या बॉक्सवर ऐकली, आणि दोन्हीकडे नीट वाजेपर्यंत मिक्स बदलत राहिलो.

भाषेबद्दल आपण विचारले नाही, पण मला सांगावेसे वाटते. आपल्या खानदेशच्या अहिराणीत ‘जाई रायना’, ‘देखी रायना’, ‘करी रायना’ (जातो आहे, बघतो आहे, करतो आहे) असे यमक आयते मिळते आणि शेवटचा ‘ना’ ठोक्यावर चपखल बसतो. ते इतके सोपे आहे की चार ओळींतच कंटाळा येतो. म्हणून मी मुंबईच्या ओळी प्रमाण मराठीत लिहिल्या आणि घरची आठवण येईल तिथेच अहिराणी वापरली. चित्रपटातले संवाद किंवा दुसऱ्याच्या गाण्याचे तुकडे घ्यायचे असतील, तर ध्वनिमुद्रणाची आणि मूळ रचनेची अशा दोन्ही परवानग्या लागतात. मी ते टाळले.

काढून टाकलेला दादरचा कोलाहल शेवटच्या गाण्यात बारा सेकंदांसाठी परत आला आहे. तिथे सगळे ठोके थांबतात, गर्दी ऐकू येते आणि तिच्यातून फोनवर आईचा आवाज येतो : ‘जेवना का?’ तिची परवानगी घेऊनच तो ठेवला आहे.